सेझिमला कोणी सांगायचं

सकाळी पावणेनऊला केनेश बोरुबाएव चहा संपवून उठायला गेले आणि उठलेच नाहीत. त्यांची बायको सायरा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "अजून घालू का?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून वळून बघते, तर मान छातीवर आलेली, चष्मा मांडीवर पडलेला.

रुग्णवाहिका बारा मिनिटांत आली. तरुण डॉक्टरने मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि मग सायराकडे न बघता भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटोत केनेश देशाचे पंतप्रधान होते, छप्पन्न वर्षांचे, विमानाच्या शिडीवरून हात हलवणारे.

"हे तेच का?"

"तेच आहेत," सायरा म्हणाली. 'होते' म्हणायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नाही.

साडेनऊपर्यंत मुलगा एर्मेक संसदेतून आला आणि मुलगी गुल्बारा शाळेतून. गुल्बारा रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या बाहीवर खडूची पूड तशीच होती. दोघं आतल्या खोलीत जाऊन आले आणि स्वयंपाकघरात उभे राहिले. बसायचं कोणाला सुचेना. केनेश ज्या खुर्चीवरून गेले ती तिथंच होती.

"काल संध्याकाळी मला फोनवर दटावत होते," एर्मेक म्हणाला. "टाय नीट बांधत नाहीस म्हणून. काल संध्याकाळी, आई!"

"सेझिमची मुलाखत किती वाजता आहे?" सायराने विचारलं.

आईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने एर्मेकने बहिणीकडे पाहिलं. गुल्बारा मात्र हे ऐकायची वाटच बघत होती. सेझिम तिच्या पोटची. पहिलं मूल आजी-आजोबांच्या ओटीत घालायचं, या रिवाजाने चाळीस दिवसांची असताना तिने ती आईच्या हाती दिली होती. अठ्ठावीस वर्षं सेझिम केनेशना बाबा म्हणत आली, सायराला आई, आणि गुल्बाराला ताई. आज ती सीमेपलीकडच्या अल्माटीत होती. फ्रान्समधल्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलची प्रवेशाची मुलाखत. शंभरातले दहासुद्धा आत जात नाहीत म्हणायचे. दोनदा तिचा अर्ज परत आला होता. ही तिसरी खेप.

"अकरा वाजता," गुल्बारा म्हणाली. "मी आत्ता तिला फोन करते."

"नाही करायचा."

"आई, तिचे बाबा गेलेत."

"मला माहीत नाही होय?" सायराचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बारा वाजेपर्यंत कोणी तिला काही सांगणार नाही. मुलाखत होऊ दे. मग नाझारकुल जाईल आणि रीतीने सांगेल. परगावच्या माणसाला मरणाची बातमी अशी फोनवर तोंडावर फेकतात का?"

"रीत!" गुल्बारा म्हणाली. "रीत म्हणून मी तुला मूल दिलं. आता बापाचं मरणही तिला रीतीप्रमाणे उशिरा मिळणार? उद्या ती मला विचारेल, ताई, तू काय करत होतीस?"

"सांग, आईने अडवलं."

एर्मेक एरवी बहिणीच्या बाजूचा. आईने कुठल्या गोष्टीवर झाकण ठेवलं की ते उचलणारा पहिला हात त्याचा असायचा. आज तो म्हणाला, "आई बरोबर बोलतेय. तीन वर्षं पोरगी या एका तासासाठी झुरलीय. बाबांना विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं."

"बाबांना विचारता येत नाही, म्हणून तू त्यांच्या वतीने बोलतोस," गुल्बारा म्हणाली. पण दोघं एकीकडे झाले होते, आणि ती एकटी पडली.

नाझारकुलला बोलावलं. केनेशचा चुलतभाऊ, पंचाहत्तरीचा. कुळात कोणी गेलं की दूरच्या लेकीबाळींना सांगायचं काम त्याच्याकडे असायचं. तो आत गेला, भावाचा हात हातात घेतला आणि परत आला. बाहेर अंगणात माणसं दुखवट्याच्या तंबूचे वासे गाडीतून उतरवत होती, नमद्याच्या, जाड लोकरी अंथरुणांच्या, गुंडाळ्या ओढत होती.

"वहिनी, पोर शिकलेली आहे," तो म्हणाला. "हल्लीच्या पोरांच्या खिशात अख्खं जग असतं. माझ्या आधी बातमी पोचली तर?"

"बारा वाजेपर्यंत नाही पोचणार. एर्मेकने सरकारी लोकांना सांगितलंय, दुपारी एकला जाहीर करा म्हणून."

नाझारकुलने पांढरी टोपी डोक्यावर ठेवली. "सीमेच्या पुलापाशी थांबतो. तिला तिथवर आणायचं तुमच्याकडे लागलं."

*

एर्मेकने शब्द दिला होता, आणि तो पाळायची त्याची मनापासून इच्छा होती. पण सव्वाअकराला अंत्यविधी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. बातम्यांच्या दोन संकेतस्थळांनी 'सूत्रांकडून समजते' म्हणून छापून टाकलं होतं. "दहा मिनिटांत तुम्ही बोला, नाहीतर मला बोलावं लागेल. माजी पंतप्रधान गेले आणि घरचे गप्प, लोक काय काय अर्थ काढतील तुम्हाला ठाऊक आहे."

फाटकाबाहेर कॅमेरे जमले होते. एर्मेक बाहेर गेला. दोन वाक्यं बोलून परत फिरायचं त्याने ठरवलं होतं, आणि ती तो नीट बोललाही. मग एका मुलीने, बहुधा तिला दुसरं काही सुचलं नसावं, विचारलं, "सगळं कुटुंब जमलंय का?"

"सगळे..." एर्मेक म्हणाला, आणि सकाळपासून दाबून धरलेला हुंदका नेमका तिथे वर आला. "फक्त सेझिम नाही. आमची धाकटी. ती या क्षणी अल्माटीत बिझनेस स्कूलची मुलाखत देतेय. बाबांना तिचं फार... फार कौतुक होतं."

शब्द तोंडातून सुटले तेव्हाच त्याला कळलं. तो वळला. तंबूच्या दारात सायरा उभी होती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली.

*

अल्माटीत, नवव्या मजल्यावरच्या खोलीत सेझिम बसली होती; तिचा फोन बाहेरच्या कचेरीत बंद करून ठेवलेला होता. समोर बेकझान नावाचा चाळिशीचा कझाक गृहस्थ बसला होता. स्वतः त्याच शाळेत शिकलेला, आता एका खाणकंपनीत मोठ्या पदावर. बोलायला साधा होता. पहिल्या वीस मिनिटांतच सेझिमच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

"जवळच्या एखाद्या माणसाचा असा निर्णय सांगा," तो म्हणाला, "जो त्याने पदावर असताना घेतला आणि तुम्हाला पटला नाही."

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. सुरक्षित उत्तर तयारही होतं, कचेरीतल्या साहेबाचं. पण ती म्हणाली, "माझे बाबा. म्हणजे आजोबा, पण मी बाबा म्हणते. ते पंतप्रधान असताना अकतालचा साखर कारखाना बंद झाला. दोन हजार माणसं घरी बसली. कारखाना चालणं शक्यच नव्हतं, हिशोब मी स्वतः तपासलाय. निर्णय चूक नव्हता. पण तो त्यांनी टीव्हीवरून सांगितला. अकतालला गेले नाहीत. वाईट बातमी समोर जाऊन सांगायची असते, असं माझं मत आहे. लोकांच्या डोळ्यांत बघून."

"त्यांना हे कधी बोललात?"

"कालच. फोनवर. का गेला नाहीत म्हणून विचारलं. मग म्हणाले, परत ये, सांगतो. ते भांडणात कधी हरत नाहीत, त्यामुळे आज संध्याकाळी मला..."

टेबलावर बेकझानचा फोन थरथरला. "माफ करा," म्हणत त्याने तो पालथा करायला उचलला, आणि त्याची नजर पडद्यावर गेली. मग तिच्या अर्जाच्या पहिल्या पानावर गेली. मग परत पडद्यावर.

"संध्याकाळी मला पूर्ण तयारीनिशी जावं लागेल," सेझिमने वाक्य संपवलं. "ते ब्याऐंशीचे आहेत, पण आकडे अजून तोंडपाठ आहेत त्यांना."

बेकझानने काचेचा जग उचलून तिच्या भरलेल्या पेल्यात पाणी ओतलं. पाणी कागदांवर सांडलं. तो पुसतही नव्हता.

आपलं चुकलं, सेझिमला वाटलं. घरच्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलायला नको होतं. कितीही परदेशात शिकलेला असला, तरी हा आपल्यासारखाच. "मी त्यांचा अनादर करत नाहीये," ती घाईने म्हणाली. "माझं त्यांच्याइतकं प्रेम कोणावरच नाही. म्हणून तर विचारते."

"हो," तो म्हणाला. "कळलं मला. तुम्ही... तुम्ही फार छान उत्तर दिलंत. जरा बसा. मी आलोच."

*

गुल्बाराचा फोन वाजला तेव्हा ती तंबूत नवीन नमदा अंथरत होती. अनोळखी, परदेशातला नंबर.

"सेझिमच्या अर्जावर, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे तुमचं नाव आहे," पलीकडचा माणूस हळू बोलत होता. "मी तिची मुलाखत घेतोय. बातमी खरी आहे का?"

"खरी आहे."

"तिला माहीत नाही. मघापासून ती त्यांच्याबद्दल बोलतेय, आहेत, म्हणतात, करतात, असं. मी परका माणूस. आमच्यातही परक्याने हे सांगायचं नसतं. पण तिने फोन चालू केला की तिला कळणारच. काय करू सांगा. तुम्ही बोलता का तिच्याशी? देऊ का फोन?"

गुल्बारा फोन धरून उभी राहिली. सकाळपासून ज्याच्यासाठी ती भांडली ते समोर चालून आलं होतं. अडवायला आई नव्हती, एर्मेक नव्हता. फक्त 'द्या' म्हणायचं होतं.

"ती काय करतेय?" तिने विचारलं.

"खिडकीपाशी उभी आहे. डोंगर बघतेय. तिला वाटतंय, मुलाखत बिघडली."

गुल्बाराच्या डोळ्यांसमोर खिडकी आली, पाठमोरी पोर आली. हीच पाठ चाळीस दिवसांची असताना तिने शेवटची धुतली होती.

"नका देऊ," ती म्हणाली. "सांगा, बाबांना बरं नाहीये, दवाखान्यात नेलंय. तिचा फोन काढून घ्या. काहीही कारण सांगा. सीमेवरच्या कोर्दाईच्या पुलापर्यंत तिला पोचवता येईल का? तिथे आमचा माणूस आहे."

"मी स्वतः घेऊन येतो," बेकझान म्हणाला.

फोन ठेवून गुल्बारा वळली. सायरा मागेच होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"आता मला काही बोलू नकोस," गुल्बारा म्हणाली.

"नाही बोलत."

*

तीन तासांच्या रस्त्यात सेझिमने एकदाच बेकझानचा फोन मागितला. तिचा स्वतःचा फोन म्हणे गडबडीत कचेरीत राहिला होता. तिने गुल्बाराचा नंबर लावला.

"ताई, बाबा कसे आहेत?"

"डॉक्टर आहेत जवळ. तू ये."

"बोलतात का?"

"तू ये, सेझिम."

तिने फोन परत दिला आणि पुन्हा मागितला नाही. बेकझानने दोनदा चहासाठी थांबू का विचारलं, दोन्हीदा ती नको म्हणाली. घाटात तिने एकदा त्याला विचारलं, "तुम्ही सगळ्याच उमेदवारांना घरी सोडता का?" तो हसायचा प्रयत्न करून रस्त्याकडे बघत राहिला. तिला कळायचं ते कळलं होतं. पण तोंडाने कोणी बोललं नव्हतं, आणि जोवर बोललं नव्हतं तोवर दवाखाना होता, डॉक्टर होते, संध्याकाळचं भांडण होतं.

पुलाच्या या टोकाला बेकझान उतरला. त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. ती बॅग खांद्याला लावून चालत निघाली. खाली चू नदीचं पाणी वितळलेल्या बर्फाने गढूळ झालं होतं. पलीकडे, लोखंडी फाटकाच्या पुढे, तिला पांढरी टोपी दिसली. नाझारकुलकाका. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. दवाखान्यातल्या माणसासाठी नाझारकुलकाका येत नसतात.

मध्ये फक्त पासपोर्टची खिडकी होती. आतला जवान विशीतला, नीट दाढी केलेला. त्याने पासपोर्ट उघडला, नाव वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. छातीवर हात ठेवला. मयताच्या घरच्यांना म्हणायचं ते, शिकवल्याप्रमाणे, स्वच्छ आवाजात म्हणाला:

"बोरुबाएवसाहेबांच्या घरच्या ना तुम्ही? त्यांची माती रेशमाची होवो, ताई."

आणि शिक्का मारला.

सेझिमने पासपोर्ट घेतला. जवानाला "धन्यवाद" म्हणाली. पाय चालत होते. नाझारकुलने तिचा चेहरा बघितला, मागे खिडकीत उभ्या असलेल्या जवानाकडे बघितलं आणि त्याची काठी हातातून सुटली.

"अरे देवा! त्याने सांगितलं?"

"सांगितलं."

"सकाळपासून उभा आहे मी इथे, पोरी. दहा पावलं. दहा पावलं राहिली होती." म्हाताऱ्याच्या दाढीवरून पाणी ओघळायला लागलं. "चांगलं बोलून सांगणार होतो."

तिने वाकून काठी उचलून त्याच्या हातात दिली. "मग सांगा, काका. तुम्ही ठरवलंय तसं सांगा. मी काही ऐकलेलं नाही."

येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी वाट काढत दोन्ही बाजूंनी जात होती. नाझारकुलने टोपी सारखी केली, घसा साफ केला. "पोरी, डोंगर सगळ्यांत उंच असतो, पण त्याचाही कडा ढासळतो. तलाव खोल असतो, पण त्याचंही पाणी हटतं. ज्याच्या सावलीत आपण वाढलो तो पोपलरचा वृक्ष आज सकाळी पडला. उन्हात उभं राहायला शीक, सेझिम. तुझे बाबा गेले."

तेव्हा कुठे तिने बॅग खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

*

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तंबूबाहेर पुरुष कमरेला शेले बांधून, काठ्यांवर ओणवे होऊन नव्या पाहुण्यांसाठी रीतीप्रमाणे हंबरडा फोडत होते. आत, पडद्यामागे केनेश होते. सेझिम पडद्याआड गेली आणि बराच वेळ तिथे राहिली. बाहेर आली ती रडून सुजलेली, पण आवाज कोरडा.

"कधी?"

"पावणेनऊला," सायरा म्हणाली.

"आणि मी साडेअकराला एका परक्या माणसाला सांगत होते की त्यांना आकडे तोंडपाठ आहेत. तो माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं! सीमेवरच्या पोराला माहीत होतं! माझ्या बाबांचं मरण मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. कोणी ठरवलं हे?"

"मी," गुल्बारा म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," सायरा म्हणाली. "मी ठरवलं. ही माझ्याशी भांडली."

"नंतर माझ्या हातात होतं. मीच नको म्हटलं."

"आणि टीव्हीवर मी बोललो," दारात उभा असलेला एर्मेक म्हणाला. त्याच्या हातात उद्याच्या भाषणाचे कागद होते. फिलहार्मोनिक या संगीत सभागृहात सरकारी इतमामाने अखेरचा निरोप होता.

"एका शाळेसाठी?" सेझिमने सायराला विचारलं. "आई, एका शाळेसाठी तू मला त्यांच्यापासून आठ तास लांब ठेवलंस?"

"शाळेसाठी म्हणून सांगितलं सगळ्यांना," सायरा म्हणाली. "खरं ते नव्हे. मी घाबरले. तुझा आवाज ऐकायला घाबरले. तू फोनवर ओरडशील आणि मग ते खरं होईल, असं वाटलं. बारा वाजेपर्यंत तरी..." तिने हात उचलला आणि सोडून दिला. "म्हातारी बाई आहे मी. घाबरले."

सेझिम तिच्याशेजारी बसली, पण अंग चोरून.

"मुलाखतीत मी अकतालचं सांगितलं," ती म्हणाली. "बाबा तिथे गेले नाहीत, ते चुकलं असं मी म्हटलं. ते मला कारण सांगणार होते. आज."

सायराने पडद्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. "हे निघाले होते. मीच गाडीत बसवलं होतं, डब्यात जेवण दिलं होतं. अकतालच्या वेशीपर्यंत गेले. बायका उभ्या होत्या म्हणे, पोरं कडेवर घेऊन. शिव्या देत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. ह्यांनी गाडी वळवायला सांगितली. घरी आले आणि जेवणाचा डबा तसाच टेबलावर ठेवला. घाबरले होते हे. सव्वीस वर्षं मी कोणाला बोलले नाही. तुला मात्र सांगितलं असतं त्यांनी. काल रात्री म्हणाले, पोरीला सांगून टाकतो."

एर्मेक कागदांकडे बघत होता. "मी लिहिलंय," तो हळूच म्हणाला, "की अकतालचा निर्णय त्यांनी निधड्या छातीने घेतला आणि निभावला."

"काढ ते," सेझिम म्हणाली.

"अगं, राष्ट्राध्यक्ष असतील. परदेशी पाहुणे. उद्याच्या दिवशी कोणी आपल्या बापाला भित्रा म्हणतं का?"

"दादा, काढ."

"आई, तू सांग हिला."

सायराने विचारलं, "शेवटी तू लोकांना काय म्हणणार आहेस? रिवाजाचं?"

"तेच. बाबांकडून कोणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा, मनात राग ठेवू नका."

"कशाबद्दल?"

"असं कोणी विचारत नाही, आई."

"अकतालचे लोक येतील उद्या. चार तरी येतील. ते मनात विचारतील. माफी मागायची तर कशाची ते सांगून माग."

एर्मेक नमद्यावर खाली बसला. खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं, आणि खोडलेल्या जागेवर हात तसाच ठेवून राहिला. बाहेर गाडीची दारं वाजली. आणखी माणसं आली होती. "लिहीन मी," तो म्हणाला. "पण तिथे उभं राहून वाचायला मला नाही जमणार. फाटकाबाहेर दोन वाक्यांवर थांबायला जमलं नाही."

"मी वाचते," गुल्बारा म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. घरातलं कुठलंच बोलणं आजवर तिच्या वाट्याला आलं नव्हतं. वडिलांच्या सत्तरीला ती स्वयंपाकघरात होती, शपथविधीला ती बाळंतीण होती.

"सगळ्या वर्गासमोर रोज बोलते मी," ती म्हणाली. "दे इकडे."

एर्मेकने कागद दिले. बाहेर पुरुषांचा हंबरडा सुरू झाला. बायकांनी तोंडं भिंतीकडे वळवून विलाप गायची वेळ झाली. सायराचा घसा केव्हाच बसला होता. गुल्बाराने कागद गुडघ्याखाली सरकवले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि विलापाची पहिली ओळ तिने धरली.